बेस म्हणजे बटण नव्हे

हा लेख तुम्ही फोनवर वाचताय असं मी धरून चालतो. तर आधी एक करा. आवडीचं एखादं गाणं इयरफोन न जोडता फोनच्या स्पीकरवर लावा आणि त्यात बेस गिटार काय वाजवतेय ते गुणगुणून दाखवा. बहुतेकांना जमणार नाही. गायक ऐकू येईल, ढोलकी ऐकू येईल, कीबोर्ड ऐकू येईल. तळाशी काहीतरी चाललंय एवढं जाणवेल, पण ते नेमकं काय, हे सांगता येणार नाही.

याच गोष्टीचा आधार घेऊन एक सल्ला सगळीकडे फिरतो. घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या पोरापोरींना तो हमखास मिळतो. 'बेस कशाला वाजवत बसतोस? लोक फोनवर ऐकतात. सॉफ्टवेअरमधला टाक, दोन मिनिटांचं काम. कोण ऐकतंय?'

माझं भांडण या 'कोण ऐकतंय'शी आहे.

मी अंजनवेलचा. गुहागर तालुका, रत्नागिरी जिल्हा. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथलं दक्षिण बाजूचं गाव. वर गोपाळगड, टोकाला टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह, खाडीपलीकडे दाभोळ. घरात चार तारांची एक बेस गिटार आहे, पंधरा वॉटचा छोटा अ‍ॅम्प आहे, एक माईक, एक ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप आहे. रेकॉर्डिंग माजघरात होतं. एवढ्या भांडवलावर मी हे लिहितोय, आणि भांडायला एवढं पुरतं.

फोनमधून बेस येत नाही, म्हणूनच

आधी समोरच्याचं जे बरोबर आहे ते मान्य करू. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. ४१ हर्ट्झ. फोनचा स्पीकर नखाएवढा. तीन-चारशे हर्ट्झच्या खालचं तो फारसं काही देत नाही. म्हणजे बेसचा मूळ स्वर फोनमधून बाहेर पडतच नाही. इथवर वाद नाही.

पण तार एकट्या ४१ वर थरथरत नाही. तिच्याबरोबर ८२, १२३, १६५ अशी पटीतली कंपनंही उठत असतात. त्यांना उपस्वर म्हणतात. तंबोरा नीट लागला की त्यात गंधार ऐकू येतो हे गाण्याच्या घरात वाढलेल्यांना माहीत असतं. गंधाराची तार तिथे नसते. खर्जाच्या तारेतूनच तो उपस्वर म्हणून वर येतो. बेसच्या तारेतही तेच चालतं.

आता खरी गंमत. हे वरचे उपस्वर कानावर पडले की आपला मेंदू त्यांच्यातलं अंतर ओळखतो आणि खालचा, न वाजलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. हा अनुभव आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. जुन्या लँडलाइनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचं काही जात नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झचा. म्हणजे मुंबईहून बोलणाऱ्या बापाचा मूळ स्वर कोकणातल्या घरात कधी पोचलाच नाही. तरी बाप बापच वाटायचा. त्याचा आवाज बारीक झालाय असं कुणाला वाटलं नाही. तो खालचा स्वर ऐकणारा स्वतः घालत होता.

म्हणून फोनवर बेस पोचवायचा असेल तर त्यात उपस्वर भरपूर हवेत. ते कुठून येतात? बोटाच्या कातडीतून, तार फ्रेटवर आपटते त्या ठिणगीतून, आणि अ‍ॅम्पमधून. अ‍ॅम्प थोडा दमला, स्पीकरचा कागद थोडा ताणला गेला, की आवाजाला एक गुरगुर येते. ती गुरगुर म्हणजे उपस्वरच. त्या उलट सॉफ्टवेअरमधला तो गुळगुळीत, गोल, 'डीप' बेस घ्या. मोठ्या स्पीकरवर तो पोट हलवतो. फोनवर तो नाहीसा होतो, कारण त्यात वर काही नाहीच.

म्हणजे सल्ला नेमका उलटा आहे. लोक फोनवर ऐकतात म्हणून बेस सोडून द्यायचा नसतो. लोक फोनवर ऐकतात म्हणूनच तो हाताने वाजवून, अ‍ॅम्पमधून काढून रेकॉर्ड करायचा असतो.

'बेस वाढव'

आपल्याकडे 'बेस' हा शब्द वाद्याच्या आधी बटणामुळे पोचला. टेपरेकॉर्डरवर बेस आणि ट्रेबल अशी दोन बटणं असायची. मग गाडीतला वूफर आला, मग मिरवणुकीतली डीजेची भिंत आली. 'बेस वाढव' म्हणजे आवाज छातीत बसला पाहिजे. 'काय बेस आहे' म्हणजे काचा हलल्या. बेस वाजवणारा माणूस असतो, तो बसून विचार करतो, ढोलकीच्या कुठल्या थापेबरोबर जायचं आणि कुठली सोडून द्यायची हे ठरवतो, हे या शब्दात कुठेच येत नाही.

आणि जी गोष्ट बटण आहे ती कुणीही फिरवू शकतो. तिला मानधन लागत नाही, तिचं नाव छापावं लागत नाही, तिचं मत विचारावं लागत नाही.

मुंबईतल्या एका स्टुडिओत आमच्या एका गाण्याचं काम होतं. गाव आणि चाकरमानी मिळून काढलेली वर्गणी, तासावर भाडं. मी बेस वाजवला. गाणं परत आलं तेव्हा माझा बेस त्यात नव्हता. त्याच स्वरांवर सॉफ्टवेअरचा बेस बसवलेला होता. विचारलं तर उत्तर मिळालं, 'सेमच आहे रे, क्लीन केलंय फक्त.' सेम नव्हतं. दुसऱ्या कडव्यात मृदुंग मागे सरतो, तिथे मीही किंचित मागे राहिलो होतो. मुद्दाम. तो मागे राहणारा अर्धा श्वास 'क्लीन' झाला होता. मृदुंगवाला एकटाच मागे सरकत होता, आणि ऐकणाऱ्याला वाटत होतं की तो चुकतोय.

या धंद्यात बेसबद्दलचा समज असाच आहे. खालचा सूर म्हणजे सिमेंट, कुठल्याही कंपनीचं चालतं.

घर आधी होतं, स्टुडिओ नंतर

ज्यांना वाटतं की घरात रेकॉर्ड केलेला बेस म्हणजे स्टुडिओ न परवडणाऱ्यांची सोय, त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

१९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी हे काम माणसाच्या उंचीचं डबल बेस करायचं. ते पाठीवर घेऊन फिरायचं आणि बँडच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून रडायचं. फेंडरने गिटारसारखी गळ्यात अडकवता येणारी, फ्रेट असलेली, विजेवर वाजणारी बेस दिली. अ‍ॅम्प तिचा अर्धा देह आहे. लाकडाची पेटी गेली, तिची जागा स्पीकरच्या पेटीने घेतली.

१९५९ मध्ये डेट्रॉइटला बेरी गॉर्डीने एक राहतं घर विकत घेतलं आणि त्यात मोटाउनचा स्टुडिओ थाटला. वर बिऱ्हाड, खाली रेकॉर्डिंग. त्या घरात जेम्स जेमर्सन बेस वाजवायचा, बहुतेक वेळा अ‍ॅम्पही नाही, गिटारची वायर थेट यंत्रात. तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. १९६० च्या दशकात अमेरिकेने ज्या गाण्यांवर पाय थिरकवले त्यातल्या कितीतरी गाण्यांचा तळ या एका बोटाचा आहे. आणि त्याचं नाव? ते प्रमुख तबकडीवर पहिल्यांदा ठळकपणे आलं १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर ऐकणाऱ्यांसाठी तो बटणच होता.

१९६६ मध्ये लंडनला बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर'साठी पॉल मॅकार्टनीला बेस जास्त भरीव हवा होता. तिथल्या तंत्रज्ञांनी काय केलं? एक मोठा स्पीकर उलटा जोडून त्याचाच माईक केला आणि तो बेस अ‍ॅम्पच्या स्पीकरसमोर ठेवला. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या स्टुडिओतलं हे काम कुठल्याही कोकणी वायरमनला ओळखीचं वाटेल. जे हाताशी आहे ते उलटं करून बघ.

मुंबईत काय वेगळं होतं? हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी आयुष्यं घातली. पंचमदांच्या गाण्यांतली बेस गिटार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव किती जणांना माहीत आहे? पडद्यावर संगीतकाराचं नाव यायचं. वादक 'आणि साथीदार' यातही बसत नसत. पुढे सिंथेसायझर आणि मग संगणक आले, तेव्हा या लोकांना काढणं सोपं गेलं. ज्याचं नावच लिहिलेलं नाही, तो गेला हे कळणार कसं?

आमच्या गावाला हा प्रकार वेगळ्या वाटेने कळतो. एन्रॉनचा वीज प्रकल्प अख्ख्या देशाला ठाऊक आहे. कंपनीचं नाव पडलं दाभोळ पॉवर कंपनी. पण दाभोळ खाडीच्या पलीकडे. प्रकल्प उभा राहिला अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या जमिनीवर. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाची नवी कंपनी आली. एवढी वर्षं बातम्यांत नाव दाभोळचं. खाली असणाऱ्याचं नाव वर येत नाही, हे आम्हाला बेस शिकण्याआधीपासून माहीत आहे.

माजघरातली पद्धत

आता 'पण घरी जमतं कुठे' म्हणणाऱ्यांसाठी. जमतं. फक्त ते कुठल्यातरी परदेशी माणसाच्या फोम लावलेल्या खोलीचा व्हिडिओ बघून जमत नाही. स्वतःचं घर ऐकावं लागतं.

पहिली गोष्ट, अर्थिंग. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे अर्थिंग खराब असेल तर अ‍ॅम्पमधून येणारी घुंई बेसच्या स्वरांच्या मधोमध येऊन बसते. जी वाजवला की दोघांची टक्कर होते आणि आवाज सेकंदाला एकदा हेलकावतो. बाकी वाद्यांना ही घुंई नुसती त्रास देते. बेसबरोबर ती बेसूर गाते. जांभ्याच्या कातळात मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकते आणि अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात पाणी ओता. कुठलंही महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी घरातल्या माहीतगार वायरमनला बोलवा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, अर्धी कुरकुर तिथेच जाते. पण घुंई घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. ती पिन जिवासाठी असते.

दुसरी गोष्ट, खोली. ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट. तुमच्या माझ्या खोलीत ती मावत नाही. ती भिंतींवरून परत येते आणि काही स्वर फुगवते, काही गिळते. दहा फूट रुंद खोलीत हा फुगवटा ५५ ते ५८ हर्ट्झच्या आसपास येतो. मोकळी ए तार नेमकी ५५ हर्ट्झची. म्हणून खूप जणांची ए तार घरात बोंबलते आणि त्यांना वाटतं गिटार खराब आहे. गिटार बरी आहे, दहा फूट बोलताहेत. अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, माईक स्पीकरच्या कापडापासून दोन-तीन इंचांवर आणा. खोलीचा आवाज आपोआप मागे जातो.

आणि इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. जांभ्याच्या जाड भिंती आणि वर कौलं असलेलं जुनं घर बेससाठी मुंबईतल्या स्लॅबच्या खोलीपेक्षा बरं असतं. स्लॅबची खोली सहा बाजूंनी बंद डबा. त्यात बेस कोंडतो. कौलारू घरात तो वर निघून जातो. हलकं छप्पर आणि फटी खालचा आवाज अडवू शकत नाहीत. ज्या घराची आपल्याला लाज वाटायला शिकवलं, ते या एका कामासाठी चांगलं आहे.

तिसरी गोष्ट, दोन ट्रॅक. पंधरा वॉटच्या अ‍ॅम्पचा आठ इंची स्पीकर सगळ्यात खालचे स्वर पूर्ण देत नाही. म्हणून एक ट्रॅक थेट वायरचा घ्या, एक अ‍ॅम्पसमोरच्या माईकचा. डीआय बॉक्समध्ये गिटारची वायर आत जाते आणि दोन बाहेर येतात, एक इंटरफेसला, एक अ‍ॅम्पला. थेट ट्रॅक पाया देतो, अ‍ॅम्पचा ट्रॅक गुरगुर देतो. दोन्ही एकत्र ऐकताना बेस अचानक पातळ झाला, तर दोन लाटा एकमेकींना खोडताहेत असं समजा. एका ट्रॅकचं फेज उलट करायचं बटण दाबा, किंवा चित्र मोठं करून दोन्ही लाटांचे डोंगर एकाखाली एक आणा. आवाजाला एक मिलिसेकंदात साधारण पस्तीस सेंटिमीटर जाता येतं. माईक जवळ असेल तर फरक केसाएवढा राहतो.

डीआय बॉक्स नसेल तर रात्री हेडफोन लावून थेट वाजवा. घरचे झोपलेले असले तरी चालतं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तोच ट्रॅक लॅपटॉपमधून, आवाज अगदी कमी ठेवून, अ‍ॅम्पमध्ये सोडा आणि माईकने परत पकडा. शेजारी जागे असतात, कुणाची तक्रार नाही, आणि वाजवणं मात्र रात्रीच्या शांततेतलं.

चौथी गोष्ट, पाऊस. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत कौलांखाली माईक लावणं म्हणजे पाऊस रेकॉर्ड करणं. तेव्हा थेट ट्रॅक घ्यायचे, बसवायचं, शिकायचं. माईकचं काम दिवाळीनंतर. शेतीला हंगाम असतो तसा रेकॉर्डिंगलाही असू शकतो. बारा महिने चोवीस तास 'कंटेंट' काढायचा हट्ट आपला नाही, तो फोनमधल्या अ‍ॅपचा आहे.

खर्चाचं म्हणाल, तर सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे. इंटरफेस आणि माईक यांना काही हजार लागतात, पण ते एकदाच. स्टुडिओचं मीटर तासाला पडतं आणि प्रत्येक वेळी पडतं.

समोरच्याची बाजू

कुणी म्हणेल, हा मशीनचा द्वेष्टा आहे. तसं नाही. १९८२ साली मुंबईतल्याच एका सिनेवादकाने, चरणजित सिंग यांनी, रोलंडची तीन यंत्रं समोर मांडून दहा राग डिस्कोच्या तालावर वाजवले. त्यातलं एक यंत्र टीबी-३०३. ते विकलं गेलं होतं ते एकट्याने सराव करणाऱ्यांना बेसवादकाची साथ म्हणून. खऱ्या बेससारखं ते कधी वाजलंच नाही. पण चरणजित सिंग यांनी त्याला बेसची नक्कल करायला लावलं नाही. त्याला त्याचा स्वतःचा आवाज काढायला लावला. तबकडी तेव्हा खपली नाही. आज जगभरचे लोक ती शोधून ऐकतात. ते यंत्र वाजवलेलं होतं. त्यामागे एक माणूस निर्णय घेत होता.

माझा राग यंत्रावर नाही. तो त्या सवयीवर आहे जिच्यात यंत्र निर्णय घेतं आणि माणूस 'ओके' दाबतो.

दुसरा कुणी म्हणेल, घरगुतीपणाचं एवढं कौतुक कशाला, मोठं काम मोठ्या जागीच होतं. होतं की. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन वाद्यवृंद रेकॉर्ड केला. व्हायोलिनचे आवाज तेव्हाही संगणकात मिळत होते. तरी करमाळ्याकडच्या एका प्रेमकथेसाठी हाडामांसाचे वादक हवे होते. आणि २०१९ मध्ये बिली आयलिशचा पहिला अल्बम तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला, पुढच्या वर्षी ग्रॅमीचे सगळे मोठे पुरस्कार घेऊन गेला. एक हॉलिवूडला गेले, एक घराबाहेर पडले नाहीत. दोघांनीही 'कोण ऐकतंय' असं म्हटलं नाही, एवढंच त्यांच्यात सारखं आहे. भांडण घर विरुद्ध स्टुडिओ असं नाहीच. भांडण काळजी विरुद्ध बेफिकिरी असं आहे. घर आपल्या हातात आहे म्हणून मी घराबद्दल बोलतोय.

खालचा सूर कोणाचा

आता या सगळ्यात पणाला काय लागलंय ते.

कोकणात खालच्या सुराला मान होता. नमनात मृदुंग उभा राहिल्याशिवाय गण सुरू होत नाही. भजनाला बसण्याआधी पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापतात. कशासाठी? ती पुडी जड व्हावी, आवाज खाली यावा म्हणून. दोनशे माणसांच्या मांडवात माईक नसताना खालचा आवाज कसा लागतो यावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं आहे. शिमग्यात पालखी पुढच्या वाडीत असते तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोलाची खालची थाप. सनई नंतर येते. खालचा आवाज लांब जातो, भिंतीतून जातो, तो निरोप घेऊन येतो.

आज नमनाची, जाखडीची गाणी यूट्यूबवर येतात. चांगली गोष्ट आहे. पोरं स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, मुंबईला नाट्यगृहात प्रयोग होतात. पण त्यांतल्या कितीतरी गाण्यांच्या तळाशी कान लावलात तर तोच एक बेस सापडेल, जो भोजपुरी गाण्यात आहे, पंजाबी गाण्यात आहे, जाहिरातीत आहे. वर गण आमचा, गौळण आमची, आणि जमीन भाड्याची. आणि जमीन भाड्याची असली की वरचं घर कितीही सुंदर असलं तरी त्याचा तोल दुसऱ्याच्या हातात असतो. मृदुंगाला त्या ठोकळेबाज बेसच्या मागे चालावं लागतं. हळूहळू मृदुंगवाला मागे सरकायचं विसरतो. मग नवीन पोराला वाटतं, मागे सरकणं ही चूकच आहे.

तोटा बेसवादकाचा नाही. मुळात गावात बेसवादक आहेत किती? तोटा कानाचा आहे. जो कान न वाजलेला खर्ज भरून काढू शकतो, बापाचा आवाज तारेतून ओळखू शकतो, त्या कानाला आपण सांगतोय की तुला काही कळत नाही, तुझ्यासाठी काहीही चालतं. 'कोण ऐकतंय' हा ऐकणाऱ्याचा अपमान आहे. तो तुमचा अपमान आहे. तुमच्या हातात फोन आहे म्हणून तुम्हाला कमी देतात, आणि वर सांगतात की तुम्हीच कमी मागितलंत.

तेव्हा मागण्या थोड्या आणि सरळ आहेत. गाणी काढणाऱ्या मंडळांनो, बेस वाजवायला माणूस घ्या. गावात बेस गिटार नसेल तर कीबोर्डच्या डाव्या हाताने वाजवा, पण वाजवा, मृदुंगवाल्यासमोर बसून वाजवा. व्हिडिओखाली गायकाचं, कवीचं, कॅमेरावाल्याचं नाव लिहिता, तिथे खालचा सूर धरणाऱ्याचंही लिहा. स्टुडिओवाल्यांनो, कुणाचं वाजवणं बदलायचं असेल तर आधी विचारा. विचारायला एक फोन लागतो. आणि घरात गिटार घेऊन बसलेल्या पोरापोरींनो, पुढच्या वेळी कुणी 'कोण ऐकतंय' म्हणालं, तर त्याला नम्रपणे सांगा, 'मी ऐकतोय', 'मी ऐकतेय'. सुरुवातीला एवढा एक श्रोता पुरतो. अर्थिंगमध्ये पाणी ओता, माईक दोन इंचांवर आणा आणि रेकॉर्ड दाबा.